महिपतीने नाव काढलं

माणदेशातल्या एका गावात एक भोळा कारकून होता. नाव महिपती. गावच्या घोंगडी विणकर संस्थेचा मेल सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. घोंगडी आपली, तर पत्रंही आपल्याच घरातून जावीत, हा चेअरमन गोजरकाकूंचा हट्ट. महिपतीला सांगितलेलं सगळं तो वहीत लिहून घ्यायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

त्या महिन्यात संस्थेच्या बाराही मागवाल्यांचे, म्हणजे विणकरांचे, डोळे त्या सर्व्हरकडे लागले होते. दिल्लीच्या एका दुकानाला पाचशे घोंगड्या हव्या होत्या. नमुने दहा संस्थांनी पाठवले होते आणि निवड मेलने कळणार होती. पण सर्व्हरवर येत होत्या नुसत्या केसांच्या तेलाच्या जाहिराती. महिपतीने साताऱ्याला इंजिनिअर विभावरीताईंना फोन लावला.

"दादा, नवखं पत्र पहिल्यांदा आलं की परतवून लावायचं," त्या म्हणाल्या आणि फोनवरूनच महिपतीकडून तशी सोय करून घेतली. "खरं असेल तर पाव तासाने पुन्हा येतं. लबाड पुन्हा येत नाही."

जाहिराती थांबल्या. दुसऱ्या दिवशी सर्व्हरची बॅटरी बदलायला तालुक्याहून वायरमन आला. महिपतीने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"पाव तासानं या," महिपती म्हणाला.

"का?"

"खरे असाल तर याल."

वायरमन खरा होता, पण तापट होता. तो गेला तो गेलाच. मग वीज गेली आणि सर्व्हर दोन दिवस निपचित पडला. गोजरकाकू कडाडल्या, "आरं, दारात आलेल्याला कुणी परत लावतं का? कोण कुठला न इचारता आत घ्यावं, त्याचं काम करून द्यावं."

महिपतीने लिहून घेतलं. वीज आल्यावर त्याने सर्व्हर उघडला. आपल्या सर्व्हरवरून पत्रं कोणी पाठवावीत, अशी एक जागा तिथे होती. महिपतीने भरलं, "कोणीही". दोन तासांत जगातले सगळे तेलवाले आत शिरले आणि संस्थेच्या नावाने लाखभर जाहिराती गेल्या. लबाड पत्रं पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत संस्थेचं नाव पडलं. तिची पत्रं कोणी घेईना.

फोनवर हे ऐकून विभावरीताईंनी कपाळाला हात लावला. "दादा, आधी ते दार लावा. मग यादीवाल्यांना लिहा, आमची चूक झाली, पुन्हा होणार नाही, आमचं नाव काढा. यादीत नाव दिसलं की लगेच लिहायचं, वाट बघत बसायचं नाही."

महिपतीने दार लावलं आणि यादीवाल्यांना लिहिलं. दुसऱ्या दिवशी नाव निघालं. काकूंनी त्याची पाठ थोपटली. बिचाऱ्याला इतका आनंद झाला की ते शेवटचं वाक्य त्याने वहीत दोनदा लिहून ठेवलं.

शुक्रवारी काकू बाराही मागवाल्यांना घेऊन ऑफिसात आल्या. "म्हैपती, दिल्लीचं काय?"

"यादी आली, काकू. आपलं नाव पयलंच हुतं."

काकूंनी हात जोडले. एका म्हाताऱ्या विणकराने डोळे पुसले.

"मग तू काय केलंस?"

"मी थांबतुया व्हय? लगीच लिव्हलं. आमची चूक झाली, पुन्ना हुनार न्हाय, आमचं नाव काढा."

काकूंचे जोडलेले हात सुटले. महिपतीला वाटलं, यांना काळजी लागलीय. तो हसून म्हणाला, "घाबरू नगा. काळ्या यादीवाल्यांनी दिवस लावला हुता. ही मानसं लई भली, काकू. माजा च्या निवायच्या आत काढलं."