न उघडलेली सॅक

"उघडायलाच हवी का?"

"हवी."

"आणि नाही उघडली तर?"

"तर खाली जायची वाट आहे," गिरीबाबा म्हणाले. "सोपी आहे. सगळा उतार."

सुनेत्राबाईंनी सॅकचे पट्टे आणखी घट्ट धरले.

खिंडीकडे जाणारी पाऊलवाट बाबांच्या झोपडीसमोरच्या दगडी ओट्याला लागून वर चढते. हिमालयात असे ओटे पुष्कळ असतील. पण इथला रिवाज वेगळा. वर जाणाऱ्यानं या ओट्यावर आपली सॅक रिकामी करायची. बाबांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघायची. मगच पुढं जायचं. हा नियम सरकारचा नाही. पण बाबांनी मान हलवल्याशिवाय खालच्या गावातला एकही माणूस कुणाचं ओझं उचलत नाही, की वाट दाखवत नाही.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. आधी फौजेत होते. बर्फातल्या एका चौकीवर डाव्या पायाची बोटं गेली. भगवी वस्त्रं त्यानंतरची.

सुनेत्राबाईंचा वाटाड्या प्रेमसिंग चुलीपाशी जाऊन बसला होता. असं काही सुरू झालं की वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं.

बाईंच्या अंगावरचे कपडे बाबांनी आधीच तपासले होते. आत अंगाला चिकटून बसणारी पातळ लोकर, तिच्यावर स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट.

"चढताना काय काढशील?"

"स्वेटर. घाम येऊ द्यायचा नाही."

"मोजे?"

"चालायचे वेगळे, झोपायचे वेगळे. झोपायचे प्रेमसिंगकडच्या सामानात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवलेत."

"गाव कुठलं?"

"वेंगुर्लं."

"तिथं थंडी असते?"

"पहाटे पंखा बंद करतो."

बाबा हसले. "मग हे सगळं कुणी शिकवलं?"

"वाचलं."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग बाबांनी पाठीवरच्या त्या मोठ्या, निळ्या सॅककडे बोट केलं होतं.

"ती माझी नाही," सुनेत्राबाई आता म्हणाल्या. "माझ्या मुलाची आहे. सारंगची. या खिंडीसाठीच भरली होती त्यानं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मोटारसायकलवरून औषधं आणायला गेला. चौकात ट्रक आला."

बाबांनी बोट खाली घेतलं.

"त्याला सहा वर्षं झाली. त्यानं बांधली तशी आहे. कुणाला हात लावू दिला नाही. मीही लावला नाही."

"आत स्लीपिंग बॅग आहे?"

"आहे."

"पिसांची?"

"हो. वरच्या तळावर तिच्यात एक रात्र झोपणार आहे मी. तो झोपणार होता तिथं. तेव्हाच उघडीन. इथं नाही."

"तुझी स्वतःची बॅग?"

"आणली नाही."

"का?"

"आणली असती, तर ऐन वेळी तीच उघडली असती."

बाबांनी बाईंकडे नीट पाहिलं.

"सहा वर्षं पिसं दाबून ठेवलीस..."

"मी शाळेत विज्ञान शिकवते, बाबा. पिसांना स्वतःची ऊब नसते. त्यांच्यात अडकलेली हवा ऊब धरते. पिसं दाबून ठेवली की हवा जाते आणि पिसं पुन्हा फुलायची विसरतात. ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे... मग?"

"मग काय. गारठेन."

"मरशील."

"बघू."

चुलीपाशी प्रेमसिंगनं एक लाकूड पुढं सारलं.

"सगळे मला हेच सांगतात," सुनेत्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नवरा सांगतो, बहीण सांगते, शाळेतल्या बाया सांगतात. आता उघड ती सॅक, मोकळी हो. एकीनं तर पुस्तक आणून दिलं. तुम्हीही तेच सांगणार असाल, तर त्यासाठी एवढं चढून यायची गरज नव्हती."

"मी कुठं मोकळी हो म्हणतोय? मी सॅक उघड म्हणतोय."

"एकच आहे."

"एक नाही."

बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली. तिची घडी केली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिली. अंगात नुसती बाराबंदी राहिली. मग ते बाईंच्या शेजारी येऊन बसले.

"बस."

त्या बसल्या. सॅक पाठीवरून उतरवून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून.

ऊन समोरच्या कड्यामागं जाऊ लागलं होतं. सावली अंगणातून सरकत आली, ओट्यावर चढली. डोंगरात ऊन गेलं की थंडी हळूहळू येत नाही. दार उघडल्यासारखी येते.

"घोंगडी का काढलीत?"

"तू उघडलीस की घालीन."

"ही अडवणूक झाली."

"हो."

"साधूंनी असं करायचं असतं?"

"साधू मागाहून झालो."

प्रेमसिंग तिकडून हिंदीत म्हणाला, "मॅडम, हे ऐकणार नाहीत. मागं एका कर्नलसाहेबांना रडवलंय यांनी."

"तू आग बघ," बाबा म्हणाले.



वारा खिंडीतून खाली येत होता. सुनेत्राबाईंनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वर पाहत राहिल्या. खिंड इथून अगदी जवळ दिसत होती, आंगठ्याएवढी. शेजारी बाबांनी हात मांड्यांखाली घातले होते. ते थरथरत होते ते दिसू नये म्हणून. पण ओट्यावर ती थरथर जाणवत होती.

"तुमचं वय काय?"

"फौजेत वेगळं लिहिलंय. खरं कुणाला माहीत."

"न्यूमोनिया होईल."

"होईल."

"मला अपराधी वाटावं म्हणून करताय हे."

"नाही. थंडी कशी असते ते तुला दिसावं म्हणून. तुझी तुला दिसत नाहीये."

"दिसते. मला चालते."

"मग बस."

"बसलेच आहे."

बाबांचे ओठ काळपट झाले. दात वाजले, तेव्हा त्यांनी जबडा आवळला. सुनेत्राबाईंनी मान वळवली. पुन्हा सरळ केली. पुन्हा वळवली.

"तुम्ही हट्टी आहात," त्या म्हणाल्या.

बाबांचा आवळलेला जबडा सुटला नाही. 

त्या एकदम उठल्या. सॅक ओट्यावर ठेवली.

"तुमच्यासाठी उघडतेय. माझ्यासाठी नाही."

"चालेल."

नाडीची गाठ आवळून बसली होती. प्रेमसिंग चाकू घेऊन आला, त्याला त्यांनी नुसत्या नजरेनं परत पाठवलं. नखानं, दातानं, पुन्हा नखानं. एक नख तुटलं. गाठ सुटली, तेव्हा क्षणभर त्या नाडीची दोन टोकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीतून बाहेर आली, पण पसरली नाही. पिशवीच्याच आकारात ओट्यावर पडून राहिली, पावाच्या लादीसारखी. सुनेत्राबाईंनी ती दोन्ही हातांनी उलगडली आणि बाबांच्या अंगावर घातली. खांद्यावरून, छातीवरून, पायांखाली खोचून, आजारी पोराला घालतात तशी. आत पिसांचे गोळे झाले होते. गोळ्यांच्या मधे नुसतं कापड होतं.

बाबा तिच्याखाली काही वेळ बसून राहिले.

"थंड आहे," ते म्हणाले.

सुनेत्राबाईंनी बॅगेची कड पुन्हा खोचली.

"सगळी गेलेली नाहीत. उन्हात घालावी लागेल, झटकावी लागेल, गोळे बोटांनी फोडावे लागतील. थोडी उठतील." त्यांनी बॅग बाजूला केली, घोंगडी ओढून अंगावर घेतली. "पण आज-उद्यात नाही."

"मी उद्याच जाणार."

"जा की. माझी स्लीपिंग बॅग ने. वास येईल तिला, पण ऊब आहे. ही आत घाल, माझी वरून. तू मधे झोप."

सुनेत्राबाई बघत राहिल्या.

"असं चालतं?"

"थंडी पडली की सगळे तसंच करतात. तू वाचलंस त्यात नव्हतं?"

"नव्हतं."

"बाकीचं काढ."

आता त्यांनी विरोध केला नाही. लोकरीची कानटोपी निघाली. बाबांनी ती उलटी करून आतली वीण बघितली, मान हलवली. बॅटरी निघाली, आतले सेल फुटून गंजले होते. ती बाजूला ठेवली. हातमोजे, आत घालायचे आणि वरून घालायचे, वेगळे. वाऱ्याची पँट.

"पोरगं शहाणं होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"कुणाबरोबर शिकला?"

"एकटाच. सगळा पॉकेटमनी याच्यात जायचा."

मग तळाशी सुनेत्राबाईंच्या हाताला काहीतरी जाड लागलं. त्यांनी ते ओढून काढलं.

जीन्स होती. निळी, चांगली जाडजूड, नीट घडी केलेली.

बाबांचा चेहरा बदलला.

"ही काय?"

सुनेत्राबाई जीन्सकडे झुकल्या.

"सगळं बरोबर भरलं आणि तळाशी ही? सुती. भिजली की वाळत नाही, गोठली की लाकूड होते, अंगातली ऊब ओढून घेते. ही घालून बर्फात उतरलेली माणसं मी उचलून आणलीत." त्यांनी जीन्स ओट्यावर आपटली. "गाढव कुठला. याला मी वर सोडलाच नसता. याच ओट्यावरून परत पाठवला असता."

सहा वर्षांत सारंगबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. त्याचं नाव आलं की लोकांचे आवाज खाली जात. कुणी त्याला गाढव म्हटलं नव्हतं.

"परत गेला नसता तो," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"गेला असता."

"तुमच्याशी भांडला असता."

"भांडू दे. पुष्कळ भांडतात."

सुनेत्राबाईंनी जीन्स हळूच उचलली. घडी मोडू न देता.

"ही त्यानं घेतली नव्हती," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आम्ही हिच्यावरूनच भांडलो होतो. मी म्हटलं, बर्फात चाललायस, ही जाड पँट घे. तो म्हणाला, आई, थंडीत जीन्स कुणी नेत नाही, तुला यातलं काही कळत नाही. मी चिडले. म्हटलं, हो, मला कशातलंच कळत नाही. जेवताना बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही... मग संध्याकाळी तो औषधं आणायला गेला."

त्यांनी जीन्सच्या घडीवरून हात फिरवला.

"मला वाटलं, ही कपाटात असेल. कपाट मी उघडलं नाही."

बाबांनी ओट्यावर मांडलेल्या वस्तू पुन्हा एकदा बघितल्या. टोपी, हातमोजे, वाऱ्याची पँट. मग बाईंच्या हातातली जीन्स बघितली.

"म्हणजे त्याला माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं."

"ही चालत नाही, हे. आणि तरी घेतली."

"हो."

वारा थोडा पडला होता. खाली दरीत कुठंतरी खेचरांच्या घंटा वाजत चालल्या होत्या... मग त्याही ऐकू येईनाशा झाल्या.

सुनेत्राबाईंनी डोळे पुसले नाहीत. सॅक जवळ ओढली आणि जीन्स आत घालू लागल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "बाकीचं ने. ही नाही."

"ही येणार."

"सुती कपडा या ओट्याच्या वर जात नाही."

"हा जाणार."

"कर्नलचीसुद्धा ठेवून घेतली होती मी."

"कर्नलच्या आईनं दिली नव्हती."

"वजन आहे तिला."

"मी उचलीन."

"उद्या पायात घालशील."

"घालणार नाही. घातली तर प्रेमसिंग तुम्हाला सांगेल. पण ती येणार."

"बाई, नियम माझा आहे."

"मुलगा माझा आहे."

प्रेमसिंग फुंकणी हातात धरून तसाच बसून राहिला.

  सुनेत्राबाई जीन्स छातीशी धरून उभ्या होत्या, पाय रोवून.

मग बाबा, शेजारी तिसरं माणूस बसलेलं असावं तसे, ओट्यावरच्या त्या रिकाम्या निळ्या सॅककडे वळले.

"सारंग," ते म्हणाले, "तूच सांग रे हिला. माझं ऐकत नाही."