साल नसलेलं नाणं आणि सोपानची पत्रिका

एका गावात एक भोळा सोपान होता. इतका भोळा की सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

त्याच्या हणमंतमामाला जुनी नाणी जमवायचा नाद. मामानं मरत्या बहिणीला शब्द दिला होता, माझी शेवंता तुझ्या सोपानला देईन. शब्द तर दिला, पण सोपानकडं बघितलं की मामाला लेकीची काळजी वाटायची. म्हणून त्यानं भाच्याला जवळ बसवून नाण्यांची पारख शिकवायला घेतली.

मामानं भिंगाखाली एक नाणं धरलं. "बघ, यावर सालच नाही. टांकसाळीत छापायचं राहिलं. जिथं काही कमी, तिथं मोल जास्त."

"ध्यानात आलं, मामा."

दुसऱ्या दिवशी सोपान बाजारातून घागर घेऊन आला. घागरीला बूड नव्हतं. दुकानदार फुकट देत होता, यानं हट्टानं दुप्पट पैसे दिले.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, वस्तू पुरी आहे का बघावी! कमी असेल तर परत पाठवावी!"

"ध्यानात आलं, मामा."

मामा शेतावर गेला असताना एक म्हातारी रुपया घेऊन आली. त्यावर सिंहच उमटले नव्हते. असं नाणं मामा वीस वर्षं शोधत होता. सोपाननं भिंगातून नीट पाहिलं आणि म्हणाला, "आजी, यात सिंह नाहीत. ते आले की मग या."

म्हातारी गेली ती गेलीच. मामा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ओरडला, "छापण्यात चूक असेल तर ती वस्तू जिवापाड जपायची! आणि तीही जगात एकच असेल तर. पाचशे निघाल्या तर कुत्रं विचारत नाही! आता लग्नात एक जरी घोळ घातलास, तर शेवंता दुसरीकडं देईन."

सोपान घाबरला. शेवंता त्याला फार आवडायची. मामानं त्याला तालुक्याला लग्नपत्रिका आणायला धाडलं, तेव्हा वाटभर तो मामाचे शब्द घोकत होता.

आठ दिवसांनी मामानं विचारलं, "पत्रिकांचं झालं?"

"झालं, मामा. एकदम बेस."

लग्नाचा दिवस उजाडला. पाचशे पानांचा स्वयंपाक तयार. मांडवात भटजी, नवरानवरी आणि एक शेळी. बाकी कुणी नाही.

"पाहुणे कुठं आहेत रे?" मामा मांडवाबाहेर डोकावून आला.

"मामा, नशीब बघा! छापखान्यात तारीखच राहिली. तो बिचारा पुन्हा छापून देतो म्हणत होता. मी बरा छापू देईन!"

"मग तशाच वाटल्यास?"

"वाटतोय कशाला? पाचशे होत्या. चारशे नव्याण्णव चुलीत घातल्या, एकच ठेवली."

मामानं काठी उचलली. शेवंता मधे आली. "राहू द्या, आबा. जरा कमी आहे खरा, पण असा दुसरा मिळायचा नाही."

मामा मटकन खाली बसला. भटजींनी अंतरपाट धरला, तसा सोपान म्हणाला, "जरा थांबा. एक पाहुणा यायचाय."

"कोण?"

"गणपती. पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात ना, ती उरलेली त्याला दिली. पण त्याला तरी कसं कळणार? तिच्यावर तारीखच नाही!"