गवराची काठी

एक होता म्हाळू धनगर. त्याची बायको धुरपा, दोन लेक, थोरला बिरा, धाकटा सिदा. आणि सिदाची बायको गवरा. बिराचं लग्न व्हायचं होतं. घरात मेंढरं पाच. पण ती देवीची, बरं का. एखादं मागं सोडलं तरी धावत येऊन कळपात उभं राहायचं. परकं मेंढरू आणलं तर टिकायचं नाही.

देवीनं एक काठीही दिली होती. संकटातच काढायची. उजवं टोक आपटलं की मेंढरं दुप्पट. डावं आपटलं की एक कमी. पण तीनदाच. चौथ्यांदा आपटणारा जागच्या जागी दगड, मेंढरं पुन्हा पाच, आणि घावही पुन्हा तीन.

एकदा काय झालं, मेंढरं राजाच्या बागेत शिरली. राजानं म्हाळूला धरून नेलं. घरच्यांना सांगावा धाडला, "मला सोळा राण्या. एकेकीला एक मेंढी हवी. एक जास्त आली तर भांडतील, एक कमी आली तर रुसतील. तीन दिवसांत नेमकी सोळा आणा, नाहीतर म्हातारा सुळावर."

घरात रडारड झाली. गवरा चुलीपाशी बसली होती. बोटांवर मोजत म्हणाली, "आधी एक कमी करा. मग सोपं आहे."

धुरपा कडाडली, "गप गं! मेंढरांचा वाडगा उणा करून कुणी सुरुवात करतं का? धनगराचा पहिला घाव वाढीचाच असतो!"

मग पहिल्या दिवशी बिरा उठला. उजवं टोक आपटलं, दहा झाली. पुन्हा उजवं, वीस झाली. मग डावं, एकोणीस. तीन घाव संपले. बिरा म्हणाला, "मी थोरला, मला कोण दगड करतंय?" आपटली काठी. झाला दगड. मेंढरं पाच.

रात्री गवरा नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऐका माझं." सिदा म्हणाला, "आईपुढं मी कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सिदानं उजवं आपटलं, दहा. डावं, नऊ. डावं, आठ. आता एकच घाव हवा होता. एकच! गवरा ओरडली, "थांबा!" पण बाळांनो, इतका जवळ आलेला माणूस थांबत नाही. त्यानं आपटली. तोही दगड.

तिसऱ्या दिवशी गवरानं काठी उचलली. डावं टोक आपटलं. चार राहिली.

धुरपानं ऊर बडवला. "दोन लेक खाल्लेस, आता वाडगाही बुडव!"

गवरानं काठी फिरवली. उजवं आपटलं, आठ. पुन्हा उजवं, सोळा. काठी खाली ठेवली.

सोळा मेंढरं राजाकडं पोचली, मग म्हाळू सुटला. दारात येऊन विचारलं, "पोरं कुठं आहेत?" अंगणात दोन दगड होते.

काय गं, चिमे? नाही, दगडांची माणसं झाली नाहीत. पुष्कळ नवस केले, तरी नाही.

पण राण्या खूश झाल्या. राजानं म्हाळूला नदीकाठचं कुरण दिलं. पाच महिन्यांनी गवराला मुलगी झाली. धुरपानं तिला मांडीवर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "गवरा, तू सांगशील तसं करू." उशीर झाला होता, पण म्हणाली. मग कुरणात साधी मेंढरं आणली, ती वाढली. घोंगड्या झाल्या, दूध झालं, कुणी उपाशी निजलं नाही. सगळी सुखात राहिली म्हणतात.

राहिली असतील. मिटा डोळे आता.