थोर आबा आणि फाडलेली पानं

चूक म्हाताऱ्याचीच होती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी लोक पुराला नावं ठेवतात.

नदीच्या उंच दरडीवर एक गाव होतं. पाणी खाली, माणसं वर. डोक्यावर घागर घेऊन दरड चढता चढता बायांचे जीव जायचे. मग त्या गावातल्या एकाने एक चाक बनवलं. ते नदीच्याच धारेने फिरायचं, डबे भरून घ्यायचं आणि वर गावच्या हौदात ओतायचं. बायांच्या डोक्यावरच्या घागरी उतरल्या आणि चाकवाला थोर झाला. सगळं गाव त्याला आबा म्हणू लागलं.

पुढे तो म्हातारा झाला. हात थरथरायला लागले. चाकाची खुंटी सैल झाली की आता त्याच्याने ती ठोकवेना. आपल्यामागे हे चाक कोण बघणार, हा एकच घोर त्याच्या जिवाला होता. आणि आशा म्हणाल तर तीही एकच होती, त्याची नात.

नात सदान्‌कदा काहीतरी ठोकत बसलेली असायची. तेव्हा ती वाऱ्यावर टाळ्या वाजवणारं बुजगावणं करत होती, म्हणजे पाखरं हाकलायला दिवसभर शेतात ओरडत उभं राहायला नको. बुजगावणं काही टाळ्या वाजवत नव्हतं. उलट पाखरं त्याच्याच खांद्यावर बसून कणसं खात. पोरगी हसायची आणि पुन्हा फळ्या कापायला बसायची.

अशात गावात एक चित्रवाली आली. थोर संशोधकांच्या गोष्टी ती मुलांसाठी चित्रांत आणि गमतीच्या ओव्या-गाण्यांत बसवायची. म्हाताऱ्यापाशी बसून तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हातारा रंगात आला की मोकळा बोलायचा. पहिलं चाक वाहून गेलं, दुसऱ्याने हौद सोडून एका वरातीवर पाणी फेकलं, सगळं सांगून बसला. चित्रवालीने छापायच्या आधी पानं आणून दाखवली. चित्रात एक चाक नदीतून निघालेलं, आणि खाली लिहिलेलं:

चाक निघालं, चाक निघालं,
नदीबरोबर फिरायला निघालं.
आबा म्हणती काठावरून,
"जेवून तरी जा रे घरून!"

पुढच्या पानावर ओलीचिंब वरात:

डुबुक डुबुक डबे भरले,
गरगर गरगर चाक फिरले,
वरातीवर धो धो धो,
नवरा म्हणतो, "थांबवा हो!"

म्हातारा आधी खुदकन हसला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. मोठी माणसं अशीच. पडली की आधी कुणी पाहिलं का ते बघतात, गुडघा नंतर.

आणि पाहिलं होतं. ओट्यावर शाळेचे गुरुजी बसले होते.

"आबा, हे शोभत नाही," गुरुजी म्हणाले. "पोरांपुढे आदर्श पाहिजे. थोर माणूस चुकतो हे पोरांना कळलं, तर पोरं चुकायला लागतील."

"पोरं चुकतातच की, गुरुजी," चित्रवाली म्हणाली. "ती तुमच्या परवानगीला थांबलेली नाहीत." मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "गोष्ट तुमची आहे, आबा. पण पोरं हसतील ती याच पानांना, आणि लक्षात ठेवतील तीही हीच."

म्हाताऱ्याने जरा वेळ पानं हातात धरली. मग फाडून चुलीत घातली.

गुरुजींनी स्वतःच्या हाताने नवं गाणं लिहून दिलं:

थोर आमुचे आबा थोर,
बुद्धी त्यांची अपरंपार,
मनी आणिले तेच घडविले,
एका झटक्यात चाक तयार.

पुस्तक छापून आलं. शाळेत घोकून घेतलं गेलं. गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना ती भिजलेली वरात चांगली आठवत होती, त्यातले काही तर वरातीत होते. पण गावाला एक थोर माणूस मिळाला होता, तो कोण घालवणार? सगळे गप्प बसले.

नातीने पुस्तक वाचलं आणि ओट्यावर आली. तिथे गुरुजी होते, चार मोठी माणसं होती.

"आबा, खरंच एका झटक्यात झालं तुमचं?"

अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता.

"हो," म्हातारा म्हणाला.

"बघ, याला म्हणतात बुद्धी," गुरुजी म्हणाले.

"माझं बुजगावणं तर चौथ्यांदा मोडलं," पोरगी म्हणाली. ती घरात गेली. संध्याकाळी बुजगावण्याच्या फळ्या चुलीत होत्या, पानं गेली त्याच चुलीत. त्यानंतर तिने हातोडी धरली नाही. सकाळी शेतात उभी राहून ओरडायची, संध्याकाळी घसा बसवून घरी यायची.

काही वर्षांनी नदीला मोठा पूर आला. वाहत आलेला ओंडका चाकात अडकला आणि दोन आरे मोडले. काम फार मोठं नव्हतं. म्हाताऱ्याने नातीला खाली काठावर नेलं.

"बयो, मी सांगतो तसं कर. हात तुझे, डोकं माझं."

"नको आबा. माझ्याने बिघडेल."

"बिघडू दे की. माझंही बिघडलं होतं. पहिलं चाक तर नदीने नेलं. दुसऱ्याने अख्खी वरात भिजवली."

नात हसली. लहान मुलाकडे बघून हसतात तशी.

"माझी समजूत घालायला काहीही सांगता. एका झटक्यात झालंय तुमचं. मला पाठ आहे."

म्हाताऱ्याने गावातल्या बाकीच्या पोरांना विचारलं. त्यांनाही पाठ होतं.

तात्पर्य: ज्यांना आपली फजिती पोरांपासून लपवायची आहे, त्यांनी खुशाल लपवावी, मात्र पोरं काही करून बघत नाहीत अशी कुरकुर मग करू नये.

म्हाताऱ्याचं चाक काठावरच कुजलं. पुढे मरेपर्यंत त्याने आपली कळशी आपणच दरड चढून वर आणली.