नाव गाळलेलं पुस्तक

वैनगंगेच्या काठी एक गाव होतं. तिथे शिवदास गोंडाणे नावाचा वीटभट्टीवाला राहत असे. हाताचा मोठा सढळ. विहाराला विटा त्यानंच दिल्या, बोअरवेलही त्यानंच खोदून दिली. फक्त कुणाला काही विचारायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची.

त्याची आई वारली. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी गावाला पुस्तक वाटायचं त्यानं ठरवलं. गावातल्या निवृत्त शिक्षिका विमलताई खोब्रागडे यांनी पाली शिकून बुद्धवचनं सोप्या मराठीत आणली होती आणि त्यांचं पुस्तक काढलं होतं. शिवदासनं ते पुस्तक जसंच्या तसं छापून घेतलं. मुखपृष्ठावर आईचा फोटो आला आणि विमलताईंचं नाव गेलं.

‘धम्म काय कुणाच्या मालकीचा आहे? आणि मी कुठे विकतोय?’ अशी त्यानं मनाची समजूत घातली.

त्या गावात रीत अशी, की दानाची वस्तू आधी विहारात बुद्धमूर्तीपुढे ठेवायची, भन्तेंसमोर पंचशील म्हणायचं आणि मगच ती वाटायची. बाहेर मांडव भरला होता. शिवदासनं गठ्ठे ठेवले, हात जोडले. पहिलं शील म्हणून झालं. दुसरं होतं न दिलेली वस्तू न घेण्याचं. तिथे तो अडखळला.

“भन्ते, ही पुस्तकं मी फुकट वाटणार आहे.”

“मी काही विचारलं नाही,” भन्ते म्हणाले.

शिवदासनं मांडवाकडे पाहिलं. विमलताई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचंच पुस्तक त्यांच्या हातात पडणार होतं, त्यांच्या नावाशिवाय.

छपाईचं सगळं ठाऊक असलेला त्याचा मेहुणा कानाशी लागला. “आता वाटून टाका, भाऊजी. माफी मागून घेऊ नंतर.”

शिवदासला ते क्षणभर पटलंही. आईच्या दिवशी, भरल्या मांडवात आपली फजिती कोण करून घेईल? पण त्याचे पाय ताईंकडे वळले.

“ताई, तुम्हाला न विचारता छापलं. नावही काढलं. चुकलो मी.”

त्यानं पुढे केलेली प्रत घेऊन ताईंनी पानं चाळली. “बुद्धाची शिकवण सगळ्यांची आहे, भाऊ. पण हे मराठी शब्द माझे आहेत. एखादा चुकला असला तर लोकांनी जाब कुणाला विचारायचा? तुम्ही मागितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण पुस्तकं अशी वाटू नका.”

शिवदासनं माईक घेतला आणि सगळ्यांसमोर खरं ते सांगून टाकलं. लोक कुजबुजले. गठ्ठे परत गेले. आईचा दिवस आपल्या हातानं वाया घालवला, असं वाटून त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात विमलताई उठल्या. “वाचून दाखवायला तर माझी मला परवानगी आहे,” असं म्हणून त्यांनी पहिलं पान काढलं. बघता बघता मांडव शांत झाला. शिवदास मागे उभा राहून ऐकत होता. वर्षभरात पहिल्यांदाच तो आईसाठी पोटभर रडला.

पुढे त्याच पुस्तकांना नवं मुखपृष्ठ चढलं. त्यावर विमलताईंचं नाव होतं आणि खाली त्यांचा शब्द: कुणीही छापावं, वाटावं, विकू नये, बदलू नये. मग ती पुस्तकं पंचक्रोशीत गेली.

तात्पर्य: ज्ञान मोकळ्या हातानं वाटावं, पण ज्याच्या कष्टानं ते आपल्यापर्यंत आलं त्याला आधी विचारावं आणि त्याचं नाव राखावं. न विचारता घेतलेलं फुकट वाटलं, तरी ते दान होत नाही.