काचेपलीकडे

“सांगू, की नको सांगू, बाबा?”

डॉ. सदानंद वाघचौरे मठाच्या उंबऱ्याजवळच बसून विचारत होते. केवलबाबा आत धुनीपाशी बसले होते. मधली सगळी जागा रिकामी होती.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांचं नाव होतं. अंगात लपलेली मुगाएवढी गाठही ते हुडकून काढत. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या वडिलांचीच तपासणी केली. गाठी यकृतभर पसरल्या होत्या, आणि नानांचं शरीर आता कुठलाच उपाय सोसणार नव्हतं. नाना रोज विचारत, काय दिसलं रे? डॉक्टर रोज कामाची सबब काढून सटकत.

“दिसलं कसं?” बाबांनी विचारलं.

हा प्रश्न डॉक्टरांच्या आवडीचा. एवढ्या दुःखातही आवाजाला जरा ताठा आलाच. प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा असतो, म्हणाले, पेप्टाइड म्हणतात त्याला. त्याला किरणोत्सर्गी कण जोडायचा आणि शिरेतून सोडून द्यायचा. तो अंगभर हिंडतो, पण गाठीची पेशी बरोबर ओळखतो आणि तिलाच चिकटतो. मग कॅमेऱ्याला गाठ दिसते.

“चिकटून करतो काय?”

“काही नाही. झिजत जातो. तो कण झिजतो, म्हणून तर दिसतं. तासाभरात निम्मा संपलेला असतो.”

बाबांनी धुनीतलं लाकूड थोडं पुढे सारलं.

“आणि तेव्हा तू कुठे होतास, सदा?”

“काचेपलीकडे. औषध दिल्यावर पेशंटला वेगळ्या खोलीत बसवतात. विनाकारण जवळ थांबायचं नसतं, बाबा. नियमच आहे तसा.”

“नाना एकटाच होता?”

“हो… काचेतून माझ्याकडे बघत होते.”

“ते औषध अजून आहे त्याच्या अंगात?”

“छे. त्याच संध्याकाळी संपलं.”

“मग आता कुठे बसतोस?”

डॉक्टरांची नजर उंबऱ्याकडे गेली.

म्हणाले, “दाराशी उभा राहतो… तिथूनच विचारतो, जेवलात का.”

बाबा घोंगडीवर जरासे सरकले. शेजारी जागा झाली. त्यांनी ती हातानं थोपटली, एवढंच.

डॉक्टर उठले. रिकामी जागा ओलांडून आले आणि गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. बाबांनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. मोठा माणूस, पण रडू आवरलं नाही. बापासाठी इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच रडत होते.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, “पण जवळ बसून त्यांना सांगू काय, बाबा?”

बाबांनी हात सोडला नाही.

“गाठीपाशी पोचल्यावर तुझ्या औषधानं काय सांगितलं?”