तेराव्या महिन्याचं दार

अधिक महिन्यानं सगुणेची झोप उडवली होती. पाळणा, भांडी, नवऱ्याची थापी आणि ओळंबा, सगळं एका बैलगाडीत मावेल का? आणि मावलंच, तरी जायचं कुठे?

झालं होतं असं. सोनवडीच्या चित्रसेन महाराजांनी विलायतेतल्या एका उमरावाच्या बंगल्याचं चित्र पाहिलं. वर्षाच्या दिवसांइतक्या खिडक्या, आठवड्यांइतकी धुराडी, महिन्यांइतकी दारं! "अस्साच हवा!" सगुणेच्या नवऱ्यानं, हैबती गवंड्यानं, चार वर्षं खपून तो उभा केला. बावन्न धुराड्यांत पारवे सुखानं नांदू लागले. दर्शनी भिंतीत डावीकडे सहा दारं, उजवीकडे सहा. महाराज दर महिन्याला त्या त्या महिन्याच्या दारातून आत जायचे.

विलायतेत अधिक महिना नसतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"उद्या अधिक श्रावण लागतो. आमचं तेरावं दार कुठंय?" महाराज गरजले.

"महाराज, एका बाजूला सात केली तर चित्र बिघडेल," हैबती म्हणाला.

"बिघडता कामा नये! एक वीट हलवायची नाही. आणि पुढचा अधिक ज्या महिन्यात येईल, तिथंच दार हवं. उद्या सकाळी दाखव, नाहीतर संस्थानाबाहेर हो!"

सकाळी लेक बकू झोपलेली. तिला वारा लागू नये म्हणून सगुणेनं दाराची एक फळी लावली, दुसरीतून बाहेर पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकली. 'मला सुचलं म्हणजे काहीतरी चुकलंच असणार,' तिला वाटलं. तरी बकूला कडेवर घेऊन ती बंगल्याकडे निघालीच.

"महाराज, अधिक महिन्याला स्वतःचं नाव असतं का?"

"छे! पुढच्या महिन्याचंच लावतात."

"मग नाव उसनं आणणाऱ्याला दार कशाला नवं? श्रावणाच्या दाराला फळ्या दोन. अधिकात डावी उघडा, निज श्रावणात उजवी! पुढचा अधिक येईल, तेव्हा त्या महिन्याचं दार असंच वाटून घ्या."

राजपुरोहितांनी पंचांग उलटंपालटं केलं. खोट सापडेना! महाराज पोट धरधरून हसले. हैबतीला हातातलं सोन्याचं कडं दिलं, सगुणेला अधिकाचं वाण म्हणून चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे.

"आणि तुला गं काय हवं?"

बकूनं महाराजांच्या पोटाकडे पाहिलं, मग अर्ध्या दाराकडे. सगुणेचा हात तिच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत ती म्हणाली,

"मला काही नको. तुम्ही आधी आत जाऊन दाखवा!"